हीट नंबर चारशे बारा

मंगळवारी सकाळी पहिली भट्टी नुकतीच तापायला लागली होती. गीतांजली मगदूम चहाचा पेला हातात घेऊन वाळूच्या ढिगाशी उभी होती, तेवढ्यात तिच्या फोनवर ‘पडताळा’चा अहवाल आला. तिला त्याची उत्सुकता होती. भीती वाटावी असं काही नव्हतं. भट्टी एकदा भरून, लोखंड वितळवून रिकामी केली की त्या घाण्याला फौंड्रीत ‘हीट’ म्हणतात आणि प्रत्येक हीटला त्या वर्षातला नंबर असतो. गेल्या दहा वर्षांतल्या अकरा हजार सहाशे चार हीट त्या यंत्रणेने तीन दिवसांत चाळून काढल्या होत्या. अकरा हजार सहाशे तीन नंबरांपुढे हिरवी खूण होती. एकापुढे लाल.

हीट नंबर चारशे बारा, अठरा नोव्हेंबर २०३३. खाली दोनच ओळी होत्या. रजिस्टरप्रमाणे मॅग्नेशियम घातल्यापासून ओतून होईपर्यंतचा वेळ, नऊ मिनिटं. क्रेनच्या विजेच्या नोंदीप्रमाणे, तेवीस मिनिटं.

तिने चहा संपवला, पेला खिडकीत ठेवला आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

शिरोली एमआयडीसीतली ही फौंड्री तिच्या वडिलांनी, अप्पासाहेब मगदूमांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी एका भाड्याच्या शेडमध्ये सुरू केली होती. गीतांजली धातुशास्त्राची पदवी घेऊन तिथेच रुजू झाली. सहा वर्षांपूर्वी अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कारभार तिच्याकडे आला. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल घरात आता कुणी बोलतही नव्हतं. साठ माणसं कामाला होती.

क्लाउड फौंड्रीत आला तो २०३१च्या पुरामुळे. पंचगंगेचं पाणी त्या वर्षी ऑफिसच्या टेबलावर चढलं. एकुलता एक संगणक आणि कपाटातली सगळी रजिस्टरं चिखलात गेली. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या मापाचा माल दिला, हे सांगायला अप्पांची स्मरणशक्ती तेवढी उरली. त्यानंतर गीतांजलीने हट्ट धरला की, आपलं काही आता आपल्या छपराखाली ठेवायचं नाही.

अप्पांना तिने तेव्हा सोप्या शब्दांत समजावलं होतं. क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. दूर कुठेतरी थंड ठेवलेल्या इमारतींमध्ये हजारो संगणक रांगेने उभे असतात आणि आपण त्यातले आपल्याला लागतील तेवढे, लागतील तेवढाच वेळ भाड्याने घेतो. आपल्या नोंदी तिथे एकाच वेळी तीन वेगवेगळ्या शहरांत असतात, त्यामुळे एका शहरात पूर आला तरी दोन शिल्लक राहतात. साच्यात ओतलेलं लोखंड कुठून कसं थिजत जाईल, कुठे पोकळी धरेल, हे आधी गणिताने काढता येतं. पण ते गणित ऑफिसच्या संगणकावर दीड दिवस चालायचं, म्हणून कुणी करतच नसे. भाड्याचे चारशे संगणक तेच काम सहा मिनिटांत करत आणि सातव्या मिनिटाला दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला लागत. मोठ्या कारखान्यांकडे जे होतं, ते आता शेडमधल्या फौंड्रीला मिळत होतं. पूर्वी अकरातला एक नग बाद व्हायचा. तीन वर्षांत ते प्रमाण पन्नासात एक इतकं खाली आलं.

मग पंचक्रोशीतल्या एकशे चाळीस लहान फौंड्र्यांनी मिळून संघ काढला. प्रत्येकाच्या नोंदींना प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. आतला आकडा दुसऱ्याला दिसत नसे. मात्र त्या नोंदींवरून यंत्रणा जे शिकेल, ते सगळ्यांचं. एका ठिकाणी माल बिघडला की का बिघडला याचा धडा बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणांना मिळे, कुणाकडे बिघडला ते न कळता.

‘पडताळा’ ही त्याच्या पुढची पायरी होती. यंत्रणा आता इतकं शिकली होती की तिला मागे पाठवता येत होतं. जुन्या नोंदी, ज्या त्या वेळी कुणी एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या, त्या ती आजच्या ज्ञानाने पुन्हा वाचत असे. भट्टीचं तापमान, वाळूचा ओलावा, प्रत्येक मोटरने ओढलेली वीज. क्रेनला विजेचा मीटर बसवला होता तो केवळ बिल कमी करायला. त्याचे आकडे आठ वर्षं क्लाउडवर पडून होते आणि ते कुणी उघडूनही पाहिले नव्हते.

संघातल्या बऱ्याच मालकांनी ही सोय बंद ठेवली होती. बैठकीत एकाने स्पष्टच सांगितलं होतं की, जे माहीत नाही त्याचा जाब कुणी विचारत नाही. गीतांजलीने ती चालू केली, कारण परदेशातल्या एका पंप कंपनीला दहा वर्षांचा पडताळा असलेलीच फौंड्री हवी होती. ते काम मिळालं असतं तर तिसरी भट्टी बसली असती.

ऑफिसात तिने त्या हीटमधून काय काय ओतलं ते शोधलं. एकाच मापाची बारा चाकं, नग एक ते बारा. गिऱ्हाईक, धुपाईच्या डोंगरावरचा रोपवे.

ती चाकं तिला आठवत होती. खांबांवर बसणारी, खोबणीची, ज्यांच्यावरून पोलादी दोर धावतो आणि दोराला पाळणे लटकलेले असतात. एकेका पाळण्यात आठ माणसं. पुरानंतर मिळालेलं ते पहिलं मोठं काम होतं.

तेवीस मिनिटांचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. साध्या बिडातला, म्हणजे ओतीव लोखंडातला, कार्बन गांडुळासारख्या वळवळ्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, म्हणून बीड आपटलं की फुटतं. ओतायच्या आधी त्यात थोडं मॅग्नेशियम घातलं की तोच कार्बन गोळा होऊन बसतो, आणि बीड जवळजवळ पोलादासारखं चिवट होतं. पण मॅग्नेशियम टिकत नाही. वितळलेला रस तसाच लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या बादलीत, राहिला तर ते धुरावाटे निघून जातं. दहा-बारा मिनिटांत ओतलं तर गोळे. वीस मिनिटांनी ओतलं तर पुन्हा गांडुळं. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

रजिस्टरवर सही होती तुकाराम खोतांची. फौंड्रीत त्यांना सगळे खोतमामा म्हणत. तीस वर्षं भट्टी त्यांच्या हाताखाली होती; नुसत्या रंगावरून ते रसाचं तापमान दहा अंशांच्या फरकाने सांगत. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि टोप गावात राहायला गेले.

दुपारी गीतांजली टोपला गेली. खोतमामा गोठ्यासमोर कडबा तोडत होते. तिला बघून त्यांनी विळा बाजूला ठेवला, सुनेला पाणी आणायला सांगितलं, खाटेवर चादर अंथरली. तिने फोनवरचा अहवाल दाखवला. चष्मा नसल्यामुळे त्यांना तो वाचता आला नाही, तेव्हा तिने वाचून दाखवला. तारीख ऐकल्यावर पुढचं वाचायची गरज उरली नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. मॅग्नेशियम घालून झालं, लॅडल क्रेनला लावून उचललं आणि क्रेनचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, जळाला. अर्धा टन रस हवेत लटकत राहिला. इलेक्ट्रिशियनने दुसरा कॉन्टॅक्टर बसवेपर्यंत चौदा मिनिटं गेली. लॅडलवर तुसाची राख टाकून त्यांनी ऊब धरून ठेवली. क्रेन सुरू झाल्यावर ते म्हणाले, हा माल परत भट्टीत घालूया. अप्पा तिथेच उभे होते.

“मालक म्हनले, ओता,” खोतमामा म्हणाले. “मी म्हनलं, मालक, ह्यात काय ऱ्हायलं न्हाई. ते म्हनले, ओत तुका, परवा मशीनवर चढवायचीत. रोपवेची तारीख पेपरात आलीया.”

“आणि टेस्ट बार?” तपासणीसाठी त्याच रसातून ओतायच्या कांडीबद्दल तिने विचारलं.

“आदल्या हीटचा लावला.”

“रजिस्टरात नऊ मिनिटं कुणी लिहिली?”

“अक्षर माजं हाय, ताई. सही बी माजीच हाय.”

अप्पांनी तसं लिहायला सांगितलं का, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. सुनेने चहा आणला. तो पिऊन होईस्तोवर दोघं पावसापाण्याचं, म्हशीच्या दुधाचं बोलले. निघताना खोतमामा एवढंच म्हणाले की, त्या साली दोनदा धुपाईला जायचं ठरलं होतं, बायकोचा नवस होता. पण ते गेले नाहीत. पायऱ्यांनीही गेले नाहीत.

घरी पोचली तेव्हा अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर बसून संध्याकाळचं जेवण उरकत होते. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. एकोणऐंशीव्या वर्षीही ताठ बसत. तिने त्यांचं जेवण होऊ दिलं आणि मग सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. क्रेनच्या मीटरचं ऐकताना मात्र ते किंचित हसल्यासारखे झाले.

“मीटर मीच बसवायला लावला होता,” ते म्हणाले. “बिल फार यायचं.”

त्यांनी काहीच नाकारलं नाही. पूर येऊन दोन वर्षं झाली होती, निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती, ते काम गेलं असतं तर फौंड्रीला कुलूप लागलं असतं, असं ते म्हणाले. चाकं जाड होती. त्यांच्यावर येणाऱ्या भाराच्या चौपट भार सोसतील अशी मापं काढलेली होती. हे सगळं त्यांनी त्या चौदा मिनिटांत मनाशी मांडून पाहिलं होतं. ओता म्हणाले ते उगाच नव्हे.

“आठ वर्षं फिरली ना?” ते म्हणाले.

“फिरली. पण जत्रेला पाळणे भरून जातात, अप्पा. सकाळपासून रात्रीपर्यंत.”

चैत्री पौर्णिमेची जत्रा बारा दिवसांवर आली होती.

अप्पांनी मग मार्ग सुचवला. तो त्यांनी बहुधा ऐकता ऐकताच तयार केला होता. आपण नवी बारा चाकं ओतायची, चांगली. रोपवेला सांगायचं की दहा वर्षांच्या सेवेच्या बोलीवर आम्ही ती फुकट बदलून देतो. जत्रा झाली की त्यांनी बसवून घ्यावीत. जुनी आपल्याकडे परत येतील, भट्टीत जातील. कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही, आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

“आणि जत्रेचे दिवस?”

“आठ वर्षं फिरली. आणखी बारा दिवस फिरतील.”

मार्ग वाईट नव्हता, हेच त्यातलं अवघड होतं. अहवाल फक्त तिच्या कुलपात होता. संघालाही तो उघडता येत नव्हता. तिने तो बघितला एवढं मात्र नोंदलं गेलं होतं, मंगळवार, नऊ वाजून एकतीस मिनिटं.

“तू फोन केलास तर फौंड्री उभी राहणार नाही, गीता,” अप्पा म्हणाले. “साठ घरं आहेत. ती मी उभी केली, म्हणून म्हणत नाही. ती आहेत.”

“माहिती आहे.”

“मग?”

“मला आज जे माहिती आहे, ते तुम्हाला तेव्हाही माहिती होतं. तुम्ही आठ वर्षं ते कसं सांभाळलंत, ते सांगा.”

अप्पांनी ताटात हात धुतला. मग म्हणाले की, पहिली दोन वर्षं ते रोज पेपर उघडताना आतल्या पानापासून सुरुवात करत. नंतर सवय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रोपवेच्या मुख्य इंजिनिअरला, प्रभुण्यांना, फोन केला. आठ वर्षांपूर्वी चाकं ताब्यात घ्यायला तेच आले होते. तिने जसं होतं तसं सांगितलं. हीटचा नंबर, चाकांचे नंबर, वेळ, टेस्ट बार. सगळ्यात शेवटी, ओतण्याचा निर्णय फौंड्रीने जाणूनबुजून घेतला होता, हेही. पलीकडे कुठेतरी भोंगा वाजत होता, पाळणा सुटत असावा.

“तुम्हाला हे कधी कळलं?” प्रभुण्यांनी विचारलं.

“काल साडेनऊला.”

“आता साडेदहा झालेत.”

“हो.”

“काल चार हजार माणसं वर गेली, मगदूम मॅडम. मला आकडा माहीत आहे, मीच सही करतो.”

तिने काही सारवासारव केली नाही. अहवाल आणि क्रेनची मूळ नोंद तिने फोन चालू असतानाच त्यांच्यासाठी उघडून दिली. हे क्लाउडमुळे क्षणात झालं. कागद असते तर कुरिअरने दोन दिवस लागले असते, आणि त्या दोन दिवसांत दोघांपैकी एकाचं मन बदललंही असतं. प्रभुण्यांनी मीटरचा आलेख स्वतः बघितला. वर चढलेली रेघ, मग चौदा मिनिटं सपाट, मग पुन्हा वर. त्यांनी फोन ठेवला. सव्वाअकराला शेवटचा पाळणा खाली आला आणि रोपवे बंद झाला.

पुढचे दिवस फार गडबडीचे गेले. धुपाईच्या पायथ्याला नारळ-फुलांची दोनशे दुकानं आहेत. दुकानदारांनी रोपवेच्या कचेरीवर मोर्चा नेला. जत्रा पायऱ्यांनी झाली. म्हाताऱ्यांना डोलीत बसवून नेलं, बरेच जण खालूनच कळसाला हात जोडून परतले. फौंड्रीचं नाव दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालं. संघाच्या एका सदस्याने फोन करून तिला विचारलं की, तुमच्या चांगुलपणाचा खर्च आम्ही का सोसायचा. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. त्या आठवड्यात शिरोलीच्या चार फौंड्र्यांना गिऱ्हाइकांनी जुने अहवाल मागितले होते.

अकरा चाकं खांबांवरून उतरवली. बारावं गोदामात सुट्या भागांत होतं, कधी चढवलंच नव्हतं. तपासणी कोल्हापूरच्याच एका प्रयोगशाळेत झाली. गोळ्यांच्या बिडातून आवाज वेगाने जातो, गांडुळांच्या बिडातून हळू; तेव्हा चाकाच्या एका बाजूने ध्वनीचा ठोका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला तो किती वेळाने पोचतो ते मोजायचं. गीतांजली तिथे उभी होती, प्रभुणेही होते. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

ज्या क्रमाने चाकं ओतली होती, त्या क्रमाने ती बिघडत गेली होती. पहिली तीन जेमतेम चालण्याजोगी. चार ते सात कच्ची. आठपासून पुढे निव्वळ साधं बीड. सगळ्यात वाईट बारावं, गोदामातलं.

तडा मात्र एकालाही नव्हता.

प्रभुण्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं की ही आणखी किती टिकली असती. ते म्हणाले, सांगता येत नाही. महिनाभर, किंवा दहा वर्षं. थंडीत एखादा पाळणा हिसका खाऊन थांबला असता तर त्याच दिवशी. प्रभुण्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाहेर गाडीपाशी ते गीतांजलीला म्हणाले की त्यांची मुलगी दर महिन्याला त्या रोपवेने वर जाते. आभार मानले नाहीत. तिचीही ती अपेक्षा नव्हती.

पंप कंपनीने सहा महिने थांबायचं कळवलं. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. दुसरी भट्टी बंद करावी लागली आणि अठरा माणसांना कमी करावं लागलं. त्यांतल्या प्रत्येकाला तिने स्वतः बोलावून सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, एकाने तोंडावर शिव्या दिल्या. नव्या चाकांचं काम रोपवेने साहजिकच दुसऱ्या फौंड्रीला दिलं. ती फौंड्रीही संघातलीच. पंधरा दिवसांनी तिच्या मालकाचा निरोप आला की, त्या चाकाच्या साच्याचं गणित तुम्ही पूर्वी करून ठेवलेलं असेल, कुलूप उघडून वापरू द्याल का. गीतांजलीने परवानगी दिली. शिवाय आसाजवळचा भाग उशिरा थिजतो, तिथे लक्ष ठेवा, असंही लिहिलं. तिच्या आठ वर्षांपूर्वीच्या मेहनतीवर दुसऱ्याची चाकं चांगली निघाली. संघाचा हेतूच तो होता.

अप्पा या काळात तिच्याशी जेवणापुरतं बोलत. फौंड्रीत येणं त्यांनी बंद केलं होतं. एकदा त्यांनी प्रयोगशाळेने काढलेले चाकांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो बघायला मागितले. तिने फोन दिला. बाराव्या चाकाचा फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला, काळ्या वळवळ्या रेघांवरून नजर फिरवली आणि फोन परत दिला.

मे महिन्यात सुरक्षा खात्याची नोटीस निघाली. चुकीच्या नोंदीबद्दल जाब द्यायचा होता. नोटीस फौंड्रीला होती, आणि वेगळी, नावानिशी, तुकाराम खोतांना. रजिस्टरवर सही त्यांची होती. अप्पांचं नाव कशातच नव्हतं. तोंडी शब्दाची नोंद कुठल्याही मीटरने घेतलेली नव्हती.

खोतमामांच्या सुनेने फोन करून गीतांजलीला कळवलं. मामा म्हणतात, सही माझीच आहे, मी जाईन, असं ती म्हणाली. आवाज साधाच होता. मागे म्हैस हंबरत होती.

गीतांजलीने अप्पांना सांगितलं. मत दिलं नाही, काही मागितलंही नाही. ते तेव्हा दाढी करत होते. त्यांनी दाढी पुरी केली, तोंड पुसलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, “गाडी काढ.”

तिला वाटलं टोपला जायचंय. त्यांनी फौंड्रीकडे न्यायला सांगितलं.

दोन महिन्यांनी ते ऑफिसात येत होते. बाहेर एकच भट्टी चालू होती. कामगारांनी नमस्कार केला, तो त्यांनी घेतला, थांबले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी तिला हीट नंबर चारशे बारा उघडायला सांगितलं. तिने उघडली. खोतमामांचं नाव, नऊ मिनिटं, आठ वर्षांपूर्वीची तारीख.

“हे खोडता येतं?”

“नाही. क्लाउडवर खोडता येत नाही. जुनी ओळ तशीच राहते. खाली नवी जोडता येते, जोडणाऱ्याच्या नावानिशी.”

“मग जोड. माझ्या नावाने.”

“अप्पा, ती ओळ थेट चौकशीत जाईल. वकिलांना एकदा—”

“वकील ‘जोडू नका’ म्हणेल. ते मला माहिती आहे. लिही.”

त्यांनी सांगितलं तसं तिने लिहिलं. मॅग्नेशियम घातल्यानंतर क्रेन बंद पडली. खोत यांनी माल परत भट्टीत घालायला सांगितलं होतं. ओतण्याचा हुकूम मी दिला. टेस्ट बार बदलायला आणि नऊ मिनिटं लिहायला मीच सांगितलं. अप्पासाहेब नेमगोंडा मगदूम. एकेक वाक्य ते सावकाश सांगत होते, जणू मनात ते आधीच जुळवून ठेवलेलं होतं. अंगठ्याचा ठसा त्यांनी यंत्रावर टेकवला.

ओळ जोडली गेली नाही. दुरुस्तीचं कारण लिहिल्याशिवाय यंत्रणा ती घेत नव्हती. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली.

“काय म्हणतंय?”

“कारण विचारतंय. का केलं ते.”

अप्पा चौकटीकडे बघत बसले. बाहेर लॅडल चालल्याचा घरघराट आला, माणसं बाजूला झाली, साच्यांमध्ये रस पडू लागला. पूर, कुलूप, साठ घरं, चौपट भार, हे सगळं त्यांनी तिला एकदा सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. तिला वाटलं ते आता पुन्हा सांगतील. तिने टंकायला बोटं ठेवली.

“घाई होती,” अप्पा म्हणाले. “एवढंच लिही.”